खाण्याबद्दल प्रत्येकजण वेगळं का सांगतो, आणि मग ऐकायचं कुणाचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वडील ६३ वर्षांचे, १२ वर्षांपासून डायबेटिस, गोळ्या चालू, आणि मागच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढलेलं. धाकटा भाऊ जिमला जातो, त्याचं म्हणणं सगळ्यांनी कार्ब्स (भात, ब्रेड, साखर वगैरे) बंद करून प्रोटीन डबल करा. बहीण रोज सोळा तास काही खात नाही आणि तिचं वजन खरंच उतरलंय. आईला पूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलेलं की अंड्यातला पिवळा बलक आणि लोणी म्हणजे विष, ती अजून तेच धरून बसलीय. आणि तुम्ही विचारताय की यातलं बरोबर कोण, आणि शास्त्रच जर दर दहा वर्षांनी शब्द फिरवत असेल तर ऐकायचंच कशाला.

मी आहारतज्ज्ञ आहे, आधी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलं, आता स्वतःची प्रॅक्टिस आहे. समोर बसलेला माणूस अगदी हाच वैताग घेऊन येतो हे मी जवळपास रोज बघते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. तुमच्या घरातले तिघंही पूर्ण चूक नाहीत, पण तिघंही अर्धाच प्रश्न विचारतायत. 'अमुक पदार्थ हेल्दी आहे का' या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण माणूस एक गोष्ट ताटातून काढतो तेव्हा तिच्या जागी दुसरी काहीतरी येतेच, पोट काही रिकामं राहत नाही. म्हणून विचारायचं ते हे, की कशाच्या बदल्यात? आणि त्याच्या जोडीला, कुणासाठी? हे दोन शब्द लावले की अर्धी भांडणं तिथंच संपतात, आणि उरलेली अर्धी निदान कशाबद्दल आहेत ते तरी कळतं.

आईच्या लोण्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं आहे. अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५८ पासून सात देशांतल्या साधारण पावणेतेरा हजार मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, जपान आणि तेव्हाचा युगोस्लाव्हिया असे ते सात देश. त्यात दिसलं की जिथं सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे लोणी, मांसाची चरबी, दुधाची साय असलं जास्त खाल्लं जातं तिथं हार्टचे आजार जास्त. यावर टीका भरपूर झाली, देश कसे निवडले इथपासून, आणि काही टीका योग्यही आहे. पण मुद्दा पुढचा आहे. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीने लोकांसाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली, त्यात फॅट कमी करून एकूण कॅलरीजच्या ३० टक्क्यांवर आणा आणि कार्बोहायड्रेट वाढवा असं सांगितलं. सांगणाऱ्यांच्या मनात फळं, भाज्या, अख्खी धान्यं होती. बाजारात आलं काय, तर लो-फॅट लिहिलेली बिस्किटं, लो-फॅट गोड दही, लो-फॅट केक, ज्यातून फॅट काढलं आणि चव टिकावी म्हणून साखर आणि मैदा घातला. लोकांनी पाकिटावरचा शब्द वाचला आणि समाधानाने खाल्लं.

मग पुढे मोठमोठे अभ्यास आले तेव्हा निकाल उलटसुलट दिसायला लागले. एकात दिसतंय सॅच्युरेटेड फॅट कमी केल्याचा फायदा झाला, दुसऱ्यात काहीच फरक नाही, आणि हेडलाइन आली की 'लोणी निर्दोष सुटलं'. पण बारकाईने बघितलं तर विरोध फारसा नव्हता. लोण्याच्या जागी सूर्यफूल, सोयाबीन अशा बियांचं तेल, सुकामेवा, मासे आले तर हार्ट अटॅकचा धोका खाली येतो. लोण्याच्या जागी पांढरा ब्रेड आणि साखर आली तर धोका जवळपास होता तिथंच राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सगळा पुरावा एकत्र करून हेच मांडलं, की ट्रायल्समध्ये, म्हणजे लोकांना गटांत वाटून प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगांत, सॅच्युरेटेडच्या जागी पॉलिअनसॅच्युरेटेड (वर सांगितलेल्या बियांच्या तेलांसारखं) तेल आणलं तेव्हा हृदयविकार साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले, पण रिफाइन्ड कार्ब्स आणि साखर आणली तेव्हा तसा फायदा दिसत नाही. म्हणजे 'लोणी वाईट' म्हणणाराही बरोबर आणि 'लोणी काढून काही झालं नाही' म्हणणाराही बरोबर, फक्त दोघांच्या ताटात लोण्याच्या जागी वेगवेगळ्या गोष्टी आल्या होत्या. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की कुणीही येऊन म्हणालं 'मॅडम मी अमुक सोडलं', तर माझा पहिला प्रश्न असतो की बरं, आणि त्या वेळेला आता काय खाता?

अंड्याचं थोडं वेगळं आहे. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल पोटात जाऊ देऊ नका आणि आठवड्याला तीनच बलक खा. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ ते २०० मिलिग्रॅम असतं, तर हिशोब सरळ दिसत होता. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतः बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर स्वतःचं उत्पादन थोडं कमी करतं. त्यामुळे खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तावर होणारा परिणाम सॅच्युरेटेड फॅटच्या परिणामापेक्षा बराच कमी निघाला, आणि अमेरिकेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमधून तो ३०० चा आकडा काढला गेला. तुमच्या आईला डॉक्टरांनी सांगितलं ते त्या काळातल्या माहितीप्रमाणे बरोबरच होतं, त्यांना नावं ठेवू नका. पण याचा अर्थ अंडी कितीही चालतील असाही होत नाही, काही लोकांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, अंड्याने इतरांपेक्षा जास्त चढतं, आणि डायबेटिस असलेल्यांबाबत निरीक्षणात्मक अभ्यास अजून एकमेकांशी जुळत नाहीत. वडिलांना रोज एक अंडं, तेही लोण्यात न परतता, यावर मी आक्षेप घेणार नाही, आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करून बघा म्हणजे वादच नको.

आता तुमचा तो 'शास्त्र शब्द फिरवतं' हा मुद्दा. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय कारण लोक इथंच विश्वास सोडून देतात आणि मग जो सगळ्यात आत्मविश्वासाने बोलतो त्याच्या मागे जातात.

बघा, आहारशास्त्राला सुरुवातीला फार चांगले दिवस होते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याभरात उठून कामाला लागली. कमतरतेचे आजार असेच असतात, एक गोष्ट कमी पडते, ती दिली की माणूस बरा होतो, दिवसांत किंवा आठवड्यांत निकाल दिसतो. पण आपण आज ज्याबद्दल भांडतोय ते हृदयविकार, डायबेटिस, कॅन्सर, हे वीस-तीस वर्षं हळूहळू घडतात, त्यात वजन, झोप, तंबाखू, अनुवंश, पैसा, ताण सगळं मिसळलेलं असतं. कुणालाही वीस वर्षं एका खोलीत ठेवून ठरवलेलंच खायला घालता येत नाही. म्हणून संशोधक काय करतात, तर लोकांना फॉर्म देतात की गेल्या वर्षात अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला. तुम्हाला गेल्या मंगळवारी काय खाल्लं ते आठवतंय का? १९९२ मध्ये एक छोटा पण फार बोलका अभ्यास छापून आला होता, ज्यांचं वजन 'कितीही कमी खाल्लं तरी उतरत नाही' अशा लोकांवर. त्यांनी सांगितलेलं खाणं आणि मोजून काढलेलं खाणं यात फरक निघाला, सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. मुद्दाम कुणी फसवत नव्हतं, माणसाला खरंच लक्षात राहत नाही, माझ्यासमोर डायरी घेऊन येणारी अत्यंत प्रामाणिक माणसंसुद्धा स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं लिहीत नाहीत.

त्यात अजून एक भानगड. जे लोक भाज्या जास्त खातात ते बहुतेकदा चालतातही जास्त, सिगारेट ओढत नाहीत, तपासण्या वेळेवर करतात. मग फायदा भाजीचा की बाकी सगळ्याचा? गाजरातल्या बीटा-कॅरोटीन या द्रव्याचं उदाहरण मी शिकाऊ मुलींना नेहमी देते. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी, असं निरीक्षणात वारंवार दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर गोळ्यांची ट्रायल केली आणि १९९४ मध्ये निकाल आला, की गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. गाजर खाणं आणि गाजरातलं एक द्रव्य बाटलीत भरून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा किंमत मोजून कळलं. सप्लिमेंट सुचवणारं कुणी भेटलं की हे आठवा.

आकड्यांचंही तसंच. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम वगैरे, कॅन्सरकारक गटात टाकलं आणि सांगितलं की रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. लोकांना वाटलं १०० तल्या १८ जणांना कॅन्सर होणार. तसं नसतं हो. समजा आयुष्यभरात १०० पैकी साधारण ५ जणांना हा आजार होत असेल तर रोज खाणाऱ्या १०० जणांत तो साधारण ६ जणांना होईल. शिवाय ते सिगारेटच्याच गटात आहे म्हणून सिगारेटइतकंच घातक, असंही नाही, गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. एकजण १८ टक्के सांगून घाबरवतो, दुसरा 'शंभरात एकच' म्हणून हसण्यावारी नेतो, दोघांचा आकडा एकच आहे.

आणि हो, पैसा. हे लपवण्यात अर्थ नाही. १९६७ मध्ये एका नामांकित मेडिकल जर्नलमध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लिहिलेला आढावा आला, ज्यात हृदयविकाराचा दोष फॅटवर टाकला आणि साखरेला सौम्यपणे सोडलं. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते हे २०१६ मध्ये जुनी कागदपत्रं तपासून बाहेर आलं. राग येण्यासारखीच गोष्ट आहे. पण त्यावरून 'सगळं संशोधन विकलेलं' या टोकाला जाऊ नका, कारण ट्रान्सफॅटची गोष्टही त्याच शास्त्राने सांगितली. वनस्पती तेल अर्धवट घट्ट करून बनवलेलं फॅट लोण्यापेक्षा चांगला पर्याय म्हणून दशकानुदशकं खपलं. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवलं की त्याने एलडीएल वाढतं आणि वर एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, कमीही होतं. त्यानंतर पुरावा साठत गेला, डेन्मार्कने २००३ मध्ये कायद्याने मर्यादा घातली, अमेरिकेच्या औषध-अन्न प्रशासनाने २०१५ मध्ये ते सुरक्षित मानता येणार नाही असं ठरवलं, आणि आता बऱ्याच देशांत एकूण फॅटच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे. उद्योगाचं नुकसान होत असूनही झालं हे. मत बदलणं हे या शास्त्राचं काम आहे, आणि बदलताना त्याने कारण दिलंय का एवढं बघायचं.

भावाचं 'कार्ब्स बंद'. वजन उतरवायला लो-कार्ब चांगलं की लो-फॅट, यावर २०१८ मध्ये स्टॅनफर्डची एक छान ट्रायल आली, ६०९ माणसं, बारा महिने. लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने बरोबरीच. पण मला त्यातलं आवडतं ते दुसरंच काहीतरी. दोन्ही गटांत काहींचं खूप उतरलं आणि काहींचं उलट वाढलं, आणि कुणाचं कशाने उतरेल हे जीन्स बघून किंवा इन्सुलिन बघून आधी सांगता येईना. आणि दोन्ही गटांना एक सूचना समान होती, साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, शक्यतो घरी बनवलेलं खा. म्हणजे एकमेकांचे शत्रू समजले जाणारे दोन डाएट नीट केले तर त्यांचा तळ एकच निघतो. समाजमाध्यमांवर या समान तळाबद्दल कुणी बोलत नाही कारण त्यावर भांडता येत नाही!

त्या समान तळाबद्दल एक अजून सांगते, कारण गेल्या काही वर्षांतलं मला सगळ्यात पटलेलं काम ते आहे. केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना महिनाभर तिथंच ठेवून घेतलं, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अति-प्रक्रियायुक्त खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं शिजवलेलं. वाढलेल्या जेवणात कॅलरीज, साखर, फॅट, फायबर, मीठ जुळवून घेतलेलं, आणि हवं तेवढं खा असं सांगितलेलं. पाकिटबंद खाण्यावर लोक दिवसाला साधारण ५०० कॅलरीज जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढले, दुसऱ्यावर तेवढेच उतरले. हे २०१९ चं. माणसं थोडी आणि काळ थोडा आहे हे खरं, पण इथं फॉर्म भरून घेतलेला नव्हता, काय खाल्लं ते मोजलेलं होतं. अति-प्रक्रियायुक्त या वर्गात नेमकं काय काय धरायचं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पाकिटातला अख्ख्या धान्याचा ब्रेड आणि गोड शीतपेय एकाच डब्यात टाकणं मलाही पटत नाही. पण शीतपेयं, चिप्स, गोड सीरिअल यांच्याबद्दल भांडायला फार जागा उरलेली नाही.

बहिणीचं पटकन सांगते. सोळा तासांचा उपास तिला जमतोय, करू दे. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ जणांवरच्या वर्षभराच्या ट्रायलमध्ये कॅलरीज सारख्या ठेवल्यावर वेळेचं बंधन घालून वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे जादू घड्याळात नाहीये, रात्रीचं चरणं बंद झालं त्यात आहे, आणि तेही काही कमी नाही. कुणाला दिवसभर मोजत बसण्यापेक्षा एक नियम पाळणं सोपं जातं.

पण तिने ते वडिलांना करायला लावू नये, आणि इथं आता 'कुणासाठी' हा दुसरा अर्धा भाग येतो जो माझ्या कामात जीवावरचा असतो. वडिलांच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची गोळी असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर सोळा तास उपाशी राहिल्यावर शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि किडनी थोडी मंदावली असेल तर अशा काही गोळ्या शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही असेल तर कार्ब्स अचानक बंद केल्यावर किंवा लांब उपास केल्यावर रक्तात कीटोन ॲसिड साठू शकतं, तेही शुगर फार वाढलेली नसताना, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, असं काही झालं तर थेट हॉस्पिटल. बहिणीसाठी जे निर्धोक ते वडिलांसाठी डॉक्टरांनी डोस बदलल्याशिवाय धोक्याचं, पद्धत तीच आहे.

प्रोटीनचं तसंच. निरोगी प्रौढाला किमान गरज वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, साठीनंतर स्नायू टिकवायला १ ते १.२ ग्रॅम घ्या असं बरेच तज्ज्ञ सांगतात, आणि भावासारखा वजनं उचलणारा तरुण त्याच्यावर गेला तरी चालतं. पण किडनीचा आजार मध्यम टप्प्यात असेल तर केडिगो या किडनीच्या जागतिक संस्थेच्या २०२४ च्या सूचना ०.८ वर राहा म्हणतात, आणि आजार पुढे सरकण्याचा धोका असेल तर १.३ च्या वर जाऊ नका म्हणतात. ७० किलोच्या माणसाला ०.८ म्हणजे दिवसाला ५६ ग्रॅम. भावाच्या पावडरचे दोन स्कूप वडिलांच्या दुधात पडले तर जवळजवळ तेवढं सकाळीच होतं, मग दिवसभराचं जेवण आहेच. उलट घाबरून प्रोटीन अगदीच तोडू नका, मी असे लोक बघितलेत ज्यांनी 'किडनी' हा शब्द ऐकून डाळी, दूध, अंडी सगळं सोडलं आणि काही महिन्यांत हातापायातली ताकद गेली. ते भरून काढणं फार कठीण असतं या वयात.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाही पण सांगणं भाग आहे. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांतल्या जवळपास २१ हजार लोकांवर मोठी ट्रायल झाली, साध्या मिठातलं २५ टक्के सोडियम क्लोराइड काढून पोटॅशियम क्लोराइड घातलं, आणि २०२१ मध्ये निकाल आला की स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. उत्तम गोष्ट आहे. पण गंभीर किडनी आजार असलेल्यांना त्या ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं, कारण किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकली नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. 'लो सोडियम मीठ' पाकिटावर हार्टचं चित्र असलं तरी वडिलांसाठी पोटॅशियम तपासल्याशिवाय आणू नका. त्यांच्यासाठी साधंच मीठ, फक्त कमी. दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, पाकिटातल्या पदार्थांतलं धरून.

तर मग भाऊ पूर्ण चूक का? नाही. डायबेटिसमध्ये एकूण कार्ब्स कमी केल्याने शुगर सुधारते याला चांगला पुरावा आहे, अमेरिकन डायबेटिस असोसिएशननेही २०१९ मध्ये ते मान्य केलंय. मीही वडिलांचे कार्ब्स कमीच करेन. भात-ब्रेडचा वाटा एक तृतीयांश कमी, साखर घातलेली पेयं आणि फळांचे ज्यूस पूर्ण बंद, आणि त्या जागी... हो, पुन्हा तेच, त्या जागी काय? प्रोटीन डबल केलं तर किडनीला भार. लोणी-चीज घातलं तर एलडीएल, आणि डायबेटिस असलेल्या माणसाला हार्टचा धोका आधीच जास्त. म्हणून भाज्या, थोडी कडधान्यं, मूठभर सुकामेवा, स्वयंपाकात मोजून बियांचं किंवा ऑलिव्हचं तेल. पोटॅशियम वाढलेलं निघालं तर यातल्या काही गोष्टी बदलाव्या लागतील, ते रिपोर्टवर. बाकी उरलेले कार्ब्स अख्ख्या धान्यातून यावेत. फायबर दिवसाला २५ ते २९ ग्रॅमपर्यंत गेलं तर हृदयविकार, डायबेटिस आणि आतड्याचा कॅन्सर हे सगळं कमी दिसतं असं २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे, पण एकदम वाढवू नका, पोट फुगतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो. दोन-तीन आठवडे घ्या, पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि कृपा करून घरात प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक सुरू करू नका. हे मी फार कळकळीने सांगते, कारण सहा आठवड्यांत करणारी व्यक्ती थकते आणि मग सगळंच सुटतं, आणि ती थकणारी व्यक्ती बहुतेक घरात एकच असते. भाजी, डाळ, कोशिंबीर सगळ्यांना तीच ठेवा, भावाने त्यावर अंडी किंवा पावडर वाढवून घ्यावी, बहिणीने तेच आपल्या वेळेत खावं, वडिलांचा भाताचा वाटा कमी आणि भाजीचा जास्त. आईचा बलक आठवड्यातून चार-पाच वेळा परत आला तरी चालेल, लोणी तिने बंद ठेवलंय ते ठेवू दे, फक्त त्या जागी ती चहासोबत बिस्किटं खात नाही ना ते बघा.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून नुसतं क्रिएटिनिन घेऊ नका. ईजीएफआरचा आकडा (किडनी किती गाळते ते), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (किडनीतून प्रोटीन गळतंय का ते), पोटॅशियम, एचबीए१सी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल एवढं मागून घ्या, आणि गोळ्यांची यादी डोससकट लिहून ठेवा. कार्ब्स कमी करायला सुरुवात करण्याआधी त्यांना सांगा, गोळ्यांचा डोस कदाचित खाली आणावा लागेल. पहिले दोन आठवडे शुगर घरी सकाळी आणि जेवणानंतर दोन तासांनी तपासून लिहा. ते आकडे आणि ईजीएफआर हातात आले की मला कळवा, प्रोटीन नेमकं किती आणि फळं कोणती हे त्यावरून ठरवता येईल.